अँटिव्हायरसचा ताप: खान्देशातल्या दुकानदार, केंद्रचालक आणि घरच्या वापरकर्त्यांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली सेवा केंद्रं, डीटीपीची दुकानं, केळी व्यापाऱ्यांची ऑफिसं, दालमिल आणि काही शाळा, यांचे कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं रोजचं काम. फोनवर येणारे निम्मे प्रश्न व्हायरसचे नसतात, अँटिव्हायरसचे असतात. ते इथे एकत्र केले आहेत. कोणतंही सॉफ्टवेअर विकायचं नाही, त्यामुळे जे पटतं ते सरळ लिहितो.

भाऊ, कॉम्प्युटर भलता हळू चाली ऱ्हायना. अँटिव्हायरस टाकल्यापासूनच हे का?

तुम्ही कुठलीही फाइल उघडली की ती तुमच्यासमोर येण्याआधी अँटिव्हायरस ती वाचतो. टॅली उघडली, ब्राउझर उघडला, एखादी पीडीएफ डाउनलोड केली, की प्रत्येक वेळी मधे थांबा. चांगल्या मशीनवर हे जाणवत नाही. ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर मात्र जीव जातो, कारण डिस्कवर एकाच वेळी दोघांचं काम चालू असतं.

आधी बघा, पूर्ण स्कॅनची वेळ कोणती लावली आहे. सेवा केंद्राचं शटर उघडतं आणि बाहेर रांग लागते, नेमका तेव्हाच स्कॅन सुरू होताना मी कितीदा तरी पाहिला आहे. तो दुपारच्या जेवणाच्या वेळेला न्या. दुसरं, पैसे खर्च करायचेच असतील तर आधी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवून घ्या. महागड्या लायसन्सपेक्षा त्याचा फरक जास्त पडतो. आणि एप्रिल-मे मध्ये, आपल्याकडे पारा ४५ च्या घरात असताना, कॅबिनेट उघडून पंख्यातली धूळ काढा. प्रोसेसर तापला की तो स्वतःच वेग कमी करतो आणि शिव्या अँटिव्हायरसला बसतात.

जे सॉफ्टवेअर राखण करायला ठेवलं, त्याच्यातच भोक कसं असू शकतं?

हा प्रश्न सगळ्यात कमी जण विचारतात, पण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

अँटिव्हायरसला बाहेरून आलेली प्रत्येक अनोळखी फाइल उघडून बघावी लागते. झिप, आरएआर, पीडीएफ, वर्डची फाइल, ईमेलची जोडणी, दाबून पॅक केलेले प्रोग्राम, असे शेकडो प्रकार वाचणारा कोड त्याच्या पोटात असतो. असा कोड चुकीशिवाय लिहिणं फार अवघड. वर त्याला विंडोजमधले सर्वोच्च अधिकार दिलेले असतात, तुमच्या-माझ्या लॉगिनपेक्षाही जास्त. म्हणजे शेताच्या राखणदाराकडे घराच्या तिजोरीचीही किल्ली, आणि वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाचं गाठोडं सोडून बघायची त्याला सक्ती. गाठोड्यात काय बांधायचं हे ज्याला नेमकं कळलं, त्याला राखणदारच पुरेसा होतो.

हे कल्पनेतलं नाही. सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी शोधणाऱ्या गूगलच्या प्रोजेक्ट झीरो गटातले संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांनी सोफोस, ईसेट, कॅस्परस्की, ट्रेंड मायक्रो, अशी एकामागून एक नामांकित नावं तपासली आणि प्रत्येकात गंभीर त्रुटी दाखवून दिल्या. २०१६ च्या जूनमध्ये सिमँटेक म्हणजे नॉर्टनचं प्रकरण बाहेर आलं. पॅक केलेल्या फाइली सोडवणारा त्यांचा कोड विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात चालत होता. घातक फाइल असलेला ईमेल नुसता येऊन पडला तरी हल्ला होऊ शकत होता. तो उघडायचीही गरज नव्हती, कारण अँटिव्हायरस तो आपणहून उघडत होता.

मायक्रोसॉफ्टही सुटलं नाही. मे २०१७ मध्ये डिफेंडर या विंडोजसोबत येणाऱ्या अँटिव्हायरसच्या इंजिनातच तशी त्रुटी निघाली. संशयास्पद जावास्क्रिप्ट चालवून बघणारा त्याचा भाग कुठल्याही कुंपणाशिवाय, पूर्ण अधिकारांनिशी चालत होता. दुरुस्ती दोन-तीन दिवसांत आली हे खरं. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने डिफेंडरला सँडबॉक्समध्ये, म्हणजे कमी अधिकारांच्या बंद खोलीत चालवायची सोय आणली. पुढे २०२१ मध्ये त्याच डिफेंडरमधली आणखी एक त्रुटी दुरुस्त झाली. ती १२ वर्षं तशीच पडून होती.

यावरून अँटिव्हायरस फेकून द्या असं मी म्हणत नाही. पण तो जितका मोठा, जितकी जास्त बटणं आणि 'बोनस' सोयी असलेला, तितका बाहेरच्याला हात घालायला जास्त जागा. पासवर्ड मॅनेजर, ट्यून-अप, शॉपिंग असिस्टंट, स्वतःचा ब्राउझर, हे सगळं काढून टाका. वरच्यापैकी काही त्रुटी तर मुख्य स्कॅनरमध्ये नव्हत्या, असल्या जोडसोयींमध्येच निघाल्या होत्या.

मग अपडेट करत राहिलं की झालं ना?

करायचंच. पण अपडेटनेही घात केलेला आहे.

२१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक महत्त्वाची फाइल व्हायरस समजून पकडली. जगभरात मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिली, नेटवर्क बंद. १९ जुलै २०२४ चं क्राउडस्ट्राइक तर अनेकांना आठवत असेल. ते घरगुती अँटिव्हायरस नाही, कंपन्यांसाठीचं आहे, पण जात तीच. एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळा पडदा दाखवत बंद पडली आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. दुरुस्त अपडेट दीड तासाच्या आत निघालं, पण बंद पडलेल्या मशीनला ते पोचणार कसं? माणसांनी एकेका मशीनजवळ बसून सेफ मोडमध्ये ती फाइल हाताने काढली.

इथे आपल्या कामाची एक गोष्ट आहे. नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) आपोआप चालू असतं. मशीन असं अडकलं की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते, आणि ते खातं लॅपटॉप विकणाऱ्या मुलाने स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडून दिलेलं असतं. आजच बघून घ्या, आणि की कागदावर लिहून कपाटात ठेवा.

तिसरं उदाहरण आपल्या देशातलं. ईस्कॅन हे मुंबईच्या मायक्रोवर्ल्ड कंपनीचं उत्पादन. त्याची अपडेट उघड्या एचटीटीपी मार्गाने यायची. वाटेत बसलेल्या हल्लेखोरांनी खरं अपडेट बदलून त्या जागी स्वतःचा माल घुसवला. 'गुप्तीमायनर' हे त्या मालवेअरचं नाव. ३१ जुलै २०२३ ला ही वाट बंद झाल्याचं कंपनीने कळवलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये अवास्टच्या संशोधकांनी सगळा तपशील जाहीर केला.

तरीही अपडेट बंद करू नका. अपडेटमुळे दगा होणं क्वचित, आणि अपडेट न केल्यामुळे होणारा दगा रोजचा.

अँटिव्हायरसच्या अपडेटनंतर आमच्या केंद्रावर अंगठा लागणं बंद झालं. मशीन बदलायचं का?

थांबा, मशीन बहुतेक चांगलंच असतं.

बायोमेट्रिक मशीनबरोबर जी आरडी सर्व्हिस (मशीन आणि ब्राउझर यांना जोडणारा प्रोग्राम) बसवता, ती तुमच्याच कॉम्प्युटरच्या आत एक छोटा सर्व्हर चालवते. पीएम किसानच्या ई-केवायसीचं पान ब्राउझरमध्ये उघडलं की ते पान १११०० ते १११२० या पोर्टवर (कॉम्प्युटरच्या आतल्या क्रमांकाच्या दारांवर) 'कोणी आहे का' म्हणून हाक मारतं. अँटिव्हायरसचं वेब शील्ड किंवा फायरवॉल मधे उभं असेल तर त्याला हे संशयास्पद वाटतं. एखादा वेब पेज आतल्या सर्व्हरशी का बोलतोय? तो हाक अडवतो. मशीनचा लाल दिवा लागत नाही, पानावर 'डिव्हाइस नॉट फाउंड' येतं, आणि समोर बाकावर बसलेली म्हातारी पाचव्यांदा अंगठा पुसते.

करायचं असं: फक्त वेब शील्ड दोन मिनिटांसाठी थांबवा, बाकी काही नाही. पान रीफ्रेश करून बघा. अंगठा लागला तर दोषी सापडला. मग शील्ड परत चालू करून त्यात दोनच अपवाद घाला, आरडी सर्व्हिसचं फोल्डर आणि लोकलहोस्टचा, म्हणजे तुमच्याच कॉम्प्युटरचा, पत्ता. बरेच केंद्रचालक कंटाळून अँटिव्हायरस दिवसभर बंद ठेवतात किंवा अख्खी सी ड्राइव्ह अपवादात टाकतात. ज्या मशीनवर दिवसभर गावाचे आधार आणि पासबुकं स्कॅन होतात, तिथे हे करू नका. ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. केंद्रचालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारी झिप फाइल घेऊ नका.

मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर व्हायरस म्हणून उडवून टाकलं. खरंच व्हायरस होता?

दोन शक्यता. टायपिंगचं सॉफ्टवेअर तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ मधेच पकडून तिच्या जागी देवनागरी अक्षर बसवतं. पासवर्ड चोरणारा कीलॉगरही कळा मधेच पकडतो. वरून दोघं सारखे दिसतात, त्यामुळे जुनं, डिजिटल सही नसलेलं सॉफ्टवेअर विनाकारण पकडलं जाणं अगदी शक्य आहे.

दुसरी शक्यता, ते सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेलं आहे. डीटीपीच्या दुकानांत हे सर्रास चालतं आणि तिथे अँटिव्हायरस बरोबरही असू शकतो.

मूळ सीडीवरून किंवा कंपनीकडून घेतलेली फाइल असेल तर क्वारंटाइनमधून (पकडलेल्या फाइली कोंडून ठेवायच्या जागेतून) परत आणा आणि कंपनीकडे नवी आवृत्ती मागा. शंका असेल तर व्हायरसटोटलवर तपासा, तिथे एक फाइल एकाच वेळी डझनावारी इंजिनांतून जाते. पण तिथे चढवलेली फाइल इतर संशोधकांना आणि कंपन्यांना मिळू शकते. ग्राहकाचं आधार, सातबारा, बँक स्टेटमेंट असलं काही तिथे कधीच टाकू नका.

पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट झाले. अँटिव्हायरसने साफ केलं, तर सगळा डेटाच गेला!

गेला नाही. फॉरमॅट मारू नका, हे आधी वाचा.

झेरॉक्सच्या दुकानातून हा व्हायरस गावभर फिरतो. तो तुमचे खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट बनवतो. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग फोल्डर उघडतो, म्हणून आठवडाभर कुणाला कळतही नाही. अँटिव्हायरस शॉर्टकट उडवतो, व्हायरसची फाइल उडवतो, आणि बऱ्याचदा तिथेच थांबतो. लपवलेले फोल्डर लपलेलेच राहतात. पेनड्राइव्ह रिकामा दिसतो आणि माणूस घाबरून फॉरमॅट मारतो. बारावीच्या मुलांची प्रोजेक्टं आणि लग्नपत्रिकांची डिझाइनं अशीच जातात.

पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. रिकामा दिसणाऱ्या ड्राइव्हवर १० जीबी वापरलेली दाखवत असेल तर माल आत आहे. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू ऑप्शनमध्ये जाऊन 'शो हिडन फाइल्स' निवडा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' ची खूण काढा. फिकट रंगात तुमचे फोल्डर दिसतील. कधी कधी एकच बिननावाचा फोल्डर दिसतो, सगळं त्यात असतं. आतला मजकूर नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा, तिथून तो स्कॅन करा, मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा.

दोन अँटिव्हायरस ठेवले तर दुप्पट सुरक्षा?

नाही. दोघं एकाच फाइलवर झडप घालतात आणि एकमेकांना संशयित धरतात. एकच ठेवा.

विंडोजसोबत येणारा डिफेंडर पुरेसा आहे का?

माझं मत: घर, दुकान आणि छोट्या ऑफिससाठी हो. दहा वर्षांपूर्वी असं म्हणवलं नसतं, तेव्हा चाचण्यांत तो मागे असायचा. आता जर्मनीच्या एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियाच्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्थांच्या चाचण्यांत तो पैसे देऊन घेतलेल्यांच्या बरोबरीने असतो. तो जाहिरात दाखवत नाही, रिन्यूअल मागत नाही. त्याच्यातही त्रुटी निघतात, वर सांगितलंच. पण विंडोज बनवणारे आणि तो बनवणारे एकच असल्यामुळे विंडोजशी मारामारी कमी.

दहा-वीस मशीन, सर्व्हर आणि सामायिक टॅली डेटा असलेल्या ऑफिसची गोष्ट वेगळी. तिथे सगळ्यांवर एका जागेवरून नजर ठेवता येईल असं काहीतरी लागतं.

फुकटचे अँटिव्हायरस आपली माहिती विकतात, हे खरं का?

एका मोठ्या कंपनीबाबत ते सिद्ध झालं आहे. अवास्ट आपल्या वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकत होती. जानेवारी २०२० मध्ये बातमी फुटल्यावर जम्पशॉट बंद केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकायला मनाई केली. लोकांनी हे सॉफ्टवेअर पाळत टळावी म्हणून बसवलं होतं. मला याचा आजही संताप येतो.

रोज 'तुमची मुदत संपली, ५ व्हायरस सापडले' अशी खिडकी येते. आम्ही तर ते सॉफ्टवेअर घेतलेलंच नाही.

मग ती खिडकी अँटिव्हायरसची नाही, ब्राउझरची आहे. कधीतरी एखाद्या साइटने 'अलाउ दाबा' म्हटलं आणि कुणीतरी दाबलं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, तिथली अनोळखी नावं काढून टाका. दोन मिनिटांत शांतता. त्या खिडकीतल्या नंबरवर फोन करू नका आणि कुणी एनीडेस्क (दुसऱ्याला तुमचं मशीन लांबून चालवू देणारं अ‍ॅप) घ्यायला सांगितलं तर घेऊ नका.

खरं घेतलेलं सॉफ्टवेअरही पैशासाठी मागे लागतं. बरेच जण पहिल्या वर्षी स्वस्त देतात आणि पुढच्या वर्षी कार्डावरून पूर्ण किंमत कापतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असं आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी लागते. तो मेसेज वाचा, नको असेल तर बँकेकडून तो ई-मँडेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) रद्द करा. दुकानातून बॉक्स घेत असाल तर की खरडून तिथेच अ‍ॅक्टिव्हेट करून घ्या, पावती ठेवा.

क्रॅक टाकताना 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं लिहिलेलं असतं. केलं तर काय होतं?

दार आतून उघडून दिलं, एवढंच होतं. विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करणाऱ्या कित्येक फुकट टूल्सनी डिफेंडरच्या अपवादांत गुपचूप स्वतःचं फोल्डर, कधी अख्खी सी ड्राइव्ह घातलेली असते. नंतर डिफेंडर हिरवी खूण दाखवत राहतो, पण बघत काहीच नाही. विंडोज सिक्युरिटीत 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', मग 'मॅनेज सेटिंग्ज', अगदी खाली 'एक्सक्लूजन्स'. सेकंडहँड मशीन घेतलं असेल तर आधी ही यादी बघा.

बँकेच्या साइटवर कुलूप दिसतं, तरी अँटिव्हायरस आतलं वाचतो का?

काही वाचतात. एचटीटीपीएस स्कॅनिंग चालू असलं की अँटिव्हायरस बँक आणि ब्राउझर यांच्या मधे बसतो, कुलूप उघडतो, वाचतो आणि स्वतःचं कुलूप लावून पुढे देतो. हे काम काही कंपन्यांनी इतकं ढिसाळ केलं होतं की मूळ कुलूपच कमजोर झालं. ही सोय बंद ठेवा. ब्राउझर स्वतः ते काम नीट करतो.

आमचं विंडोज १० आहे. डिफेंडर अपडेट होतोय, म्हणजे चिंता नाही ना?

आहे. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरला नव्या व्हायरसची ओळख २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे, पण विंडोजमधली भोकं बुजवणं वेगळं. घरगुती वापरासाठी वाढीव मुदतीची नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या मिळतात. ती करा, तेवढ्यात मशीनची सोय बघा. २०१७ च्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) वापरलेल्या भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने हल्ल्याच्या दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही ते १२ मे ला अडकले.

मोबाइलवर अँटिव्हायरस टाकू का?

नको. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅप आपापल्या चौकटीत बंद असतं, त्यामुळे अँटिव्हायरस अ‍ॅपला दुसऱ्याच्या आतलं फारसं बघता येत नाही. एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जने २०१९ मध्ये अशी २५० अ‍ॅप तपासली. फक्त ८० अ‍ॅपनी ३० टक्क्यांहून जास्त घातक फाइली ओळखल्या. गूगलचं प्ले प्रोटेक्ट (फोनमधलीच अ‍ॅप तपासणारी सोय) चालू ठेवा, तेवढं बस.

आपल्याकडे खरा धोका व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एपीके फाइलचा (अ‍ॅप बसवणारी फाइल) आहे. 'आरटीओ चलान', 'पीएम किसान', 'लग्नाची पत्रिका' अशी नावं, आणि पाठवणारा ओळखीचाच, कारण त्याचा फोन आधीच गेलेला. बसवलं की ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, म्हणजे ओटीपी त्यांच्याकडे. लग्नाची पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते, एपीके म्हणून कधीच येत नाही. घरातल्या आप्पा-नानांच्या फोनवर 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स' मध्ये व्हॉट्सअ‍ॅपची परवानगी बंद करून ठेवा.

व्हायरसच अँटिव्हायरस बंद करू शकतो का?

हो. २०२२ मध्ये अ‍ॅव्होसलॉकर नावाच्या रॅन्समवेअरच्या टोळीने अवास्टचाच जुना, सही असलेला ड्रायव्हर सोबत आणून त्याच्या जोरावर मशीनवरची संरक्षणं बंद पाडली. विंडोजने तो ओळखीचा म्हणून आत घेतला.

म्हणून टॅलीचा डेटा आणि दुकानाच्या फाइली आठवड्यातून एकदा तरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि केबल काढून ठेवा. जोडलेली राहिलेली डिस्क रॅन्समवेअर मुख्य डिस्कबरोबरच कुलूपबंद करतं.

आणि पैसे गेलेच तर?

आधी त्या मशीनचं किंवा फोनचं नेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, पाठोपाठ बँकेला. उशीर जितका कमी, तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तो नंबर घेऊन पोलिस ठाण्यात जा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी सायबर पोलिस आहेत. व्यवहाराचा मेसेज, आलेली फाइल, चॅट, यातलं काहीही डिलीट करू नका, आणि तक्रार नोंदवून होईपर्यंत मशीन फॉरमॅटला देऊ नका.